उफरैंखालचे मास्तर आणि डोंगरमाथ्याचें पाणी

गेल्या चैत्रांत संघाच्या वार्षिक सभेनंतर पांच-सहा सभासद बंधू पारावर बसले असतां त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांच्या गांवच्या वरच्या अंगास गायरान आहे. गायरानाच्या पायथ्याशीं एक झरा आहे, व त्या झऱ्याच्या पाण्यावर त्यांच्या वाडवडिलांनीं खालच्या आठ-दहा एकरांत हरभरा व थोडा भाजीपाला केला. तो झरा पूर्वीं वैशाखअखेरपर्यंत वाहत असे. आतां होळीच्या सुमारासच आटतो. गांवांत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, गायरान उजाड झालेंच आहे, तें कोणत्या तरी कामास देऊन टाकावें व खालीं बोअर घ्यावी. दुसरा म्हणतो, गायरान राखावें; परंतु राखावयाचें म्हणजे नक्की काय करावयाचें, हें त्या पक्षास सांगतां येत नाहीं. "भाऊसाहेब, तुमचा जन्म महसुलांत गेला; आतां तुम्हीच सांगा," असें ते म्हणाले.

त्यांस तेथल्या तेथें नीट उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं. कागदाची बाजू आम्हांस ठाऊक होती, पाण्याची नव्हती. पुढें तीन-चार महिने मिळेल तें वाचीत गेलों, तेव्हां हिमालयाच्या डोंगरांतील एका शाळामास्तरांची हकीकत हातीं आली. दिल्लीच्या गांधी शांति प्रतिष्ठानांतील कै. अनुपम मिश्र (१९४८–२०१६) यांनीं ती हिंदींत लिहून ठेविली आहे. तलावांवरील त्यांचें पुस्तक पुष्कळांच्या वाचनांत असेल. ही हकीकत त्यामानानें आपल्याकडे कमी ठाऊक आहे. आमच्या वृद्ध सभासदांच्या प्रश्नाचें अर्धेंअधिक उत्तर तिच्यांत आहे असें वाटल्यावरून ती येथें थोडी विस्तारानें देत आहों.

उत्तराखंडांत (हें राज्य २००० सालीं उत्तर प्रदेशापासून वेगळें झालें) पौडी गढवाल जिल्ह्याच्या थलीसैंण भागांत उफरैंखाल नांवाचें लहानसें ठिकाण आहे. पौडी, चमोली व अल्मोडा हे जिल्हे जेथें एकमेकांस भिडतात, तेथें दूधातोली नांवाची डोंगररांग पसरली आहे. तिचीं उंच शिखरें दहा हजार फुटांच्या आसपास असलीं, तरी बाराही महिने टिकणारें बर्फ तिच्यावर नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. गंगा-यमुनेस हिमनद्यांचा आधार आहे. दूधातोलीहून निघणाऱ्या नद्यांस तो नाहीं. पूर्व नयार, पश्चिम नयार, पश्चिम रामगंगा, आटागाड व बिनो अशा पांच नद्या या रांगेंतून निघतात, आणि उन्हाळ्यांत त्यांच्या पात्रांत जें पाणी असतें तें सारें पावसाचें व थंडींत पडून वितळलेल्या बर्फाचें. रानाच्या मातींत मुरलेलें व हळूहळू पाझरणारें. यांपैकीं रामगंगा पुढें कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानांतून वाहते. वाघांसाठीं प्रसिद्ध असलेलें हें उद्यान १९३६ सालीं स्थापन झालें व देशांतील तें पहिलें राष्ट्रीय उद्यान होय. त्याच्या रक्षणासाठीं कायदा आहे, पहारेकरी आहेत, पाहुणे आहेत. पण त्यांतील हत्ती-हरणें जें पाणी पितात, त्याचें मूळ ज्या रानांत आहे त्या रानाकडे पाहण्यास बराच काळ कोणी नव्हतें. आपल्या सह्याद्रींतल्या नद्यांचीही स्थिति अशीच आहे. बर्फ नाहीं, आहे तें पावसाळ्यांतलें पाणी, व तें धरून ठेवणारी माती.

दूधातोलीच्या माथ्याकडे रागा म्हणजे तिकडचा एक सूचिपर्णी वृक्ष व देवदार. त्याखालीं बांज (हिमालयांतील ओक), बुरांस व काफळ. आणि उष्ण, कोरड्या उतारांवर चीड. या झाडांतील भेद शेतकऱ्यानें समजून घेण्यासारखा आहे. बांजाचा पाला गुरें खातात. गळलेला पाला गोठ्यांत अंथरून त्याचें उत्तम खत होतें. त्याच्या खालची माती काळी, भुसभुशीत व ओलसर राहते. म्हणून तिकडील बायका झरा कोठें असेल हें बांज पाहून सांगतात. चिडाच्या सुया गुरें खात नाहींत, लवकर कुजत नाहींत, व उन्हाळ्यांत त्यांचा थर बारुदासारखा पेटतो. इंग्रजी अमदानींत रेल्वेच्या स्लीपरांसाठीं व राळेसाठीं चिडास उत्तेजन मिळालें, तेव्हांपासून बांजाचें रान मागें हटत गेलें. ज्या झाडापासून सरकारास पैसा तें वाढलें, ज्यापासून शेतकऱ्यास खत व पाणी तें घटलें, असा याचा सरळ अर्थ आहे.

सच्चिदानंद भारती हे याच भागांतले. त्यांचें महाविद्यालयीन शिक्षण चमोली जिल्ह्यांतील गोपेश्वर येथें झालें, व तें गांव त्या वेळीं चिपको आंदोलनाचें माहेर होतें. त्या आंदोलनाचा उगम आपल्या वाचकांस विशेष पटेल असा आहे. अंगू नांवाच्या झाडाचें लांकूड हलकें व चिवट असतें, म्हणून गढवालांतील शेतकरी त्याचें जूं करीत. गांवकऱ्यांनीं जुंवासाठीं अंगूचीं थोडीं झाडें मागितलीं, तीं वनखात्यानें नाकारलीं. आणि तींच झाडें खेळाचें साहित्य करणाऱ्या एका कारखान्यास दिलीं. बैलाच्या मानेवरचें जूं नाकारून चेंडू मारण्याच्या बॅटी करण्यास लांकूड दिलें, याचा संताप १९७३ च्या एप्रिलांत गोपेश्वराजवळच्या मंडल गांवीं प्रकट झाला. चंडीप्रसाद भट्ट यांच्या मार्गदर्शनाखालीं गांवकरी जमले व झाडें तोडूं दिलीं नाहींत. पुढच्या वर्षीं, २६ मार्च १९७४ रोजीं, रैणी गांवचे पुरुष बाहेर गेले असतां गौरादेवी व त्यांच्या सोबतिणींनीं ठेकेदाराच्या माणसांस रानांतून परत लाविलें. भारती हे या वातावरणांत वाढलेले विद्यार्थी. भट्टांच्या शिबिरांत त्यांनीं काम केलें, व १९७९ सालीं ते आपल्या भागांत, उफरैंखालच्या शाळेंत, शिक्षक होऊन परत आले.

येऊन पाहतात तों दूधातोलीच्या माथ्यावर रागाच्या झाडांची तोड व्हावयाची होती. शिक्षकाच्या हातीं सत्ता काय? खडू आणि फळा. भारतींनीं गोपेश्वरास जें पाहिलें होतें तेंच येथें केलें. सुटीच्या दिवशीं गांवोगांव पायीं हिंडून माथ्यावरचें रान गेल्यास खालच्या शेतांचें काय होईल, हें लोकांस समजावून सांगितलें. लोक जमूं लागले, वनखात्याच्या अधिकाऱ्यांकडे बोलणें गेलें, आणि अखेरीस ती तोड थांबली. येथेंच पुष्कळ चळवळी थांबतात. तोड थांबली, सभा झाली, हार घातले, संपलें. भारतींचें खरें काम यापुढें सुरू झालें, आणि आमच्या सभासदांच्या प्रश्नाशीं त्याचाच संबंध आहे. कारण "राखावयाचें म्हणजे काय करावयाचें" हा प्रश्न त्यांच्याही पुढें उभा होता.

प्रथम त्यांनीं रोपें मागितलीं. सरकारी रोपें वेळेवर मिळत नाहींत व मिळालीं तर हवीं तीं नसतात, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. त्यांसही तो आला. तेव्हां त्यांनीं शाळेच्या मुलांकडून व आसपासच्या मंडळीकडून अक्रोडाच्या बिया जमविल्या व स्वतःची रोपवाटिका केली. अक्रोड निवडण्यांत शहाणपण होतें. फळ देणारें झाड म्हणजे घरोघर हवें असणारें रोप. रोपें विकलीं गेलीं, व त्या पैशांतून कामास भांडवल मिळालें. १९८२ च्या मार्चांत 'दूधातोली लोक विकास संस्थान' नांवाची संस्था निघाली. तिच्यांत मोठे पदाधिकारी, कचेरी, मोटार असें कांहीं नव्हतें; एक शिक्षक, गांवचे कांहीं साधे लोक, आणि मुख्यतः बायका.

बायकांशिवाय हें काम उभें राहिलें नसतें. डोंगरांतले पुरुष नोकरीसाठीं पलटणींत व शहरांत गेलेले. घर, गुरें, शेत व सरपण हीं सारीं बायकांच्या अंगावर. गांवोगांव त्यांचीं महिला मंगल दलें झालीं, आणि रान राखण्याची एक पद्धत पडली, ती आम्हांस फार आवडली. एका काठीस घुंगरूं बांधलेले असतात. तिला खांकर म्हणतात. ज्या बाईची पाळी असेल ती खांकर घेऊन दिवसभर रानांत फिरते. घुंगरांचा आवाज उतारावरून दूर जातो. कोणी कुऱ्हाड घेऊन आला असेल त्यास तो ऐकूं येतो, व रानांत विखुरलेल्या इतर बायकांसही आपल्यांतली एक जागी आहे हें कळतें. संध्याकाळीं परततांना ती काठी ती शेजारणीच्या दारापुढें ठेवून देते. सकाळीं जिच्या दारांत काठी, तिची पाळी. हजेरीपट नाहीं, मस्टर नाहीं, दंडाची पावती नाहीं. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ रजिस्टरें भरलीं. इतक्या थोडक्यांत चालणारें रजिस्टर आमच्या पाहण्यांत आलें नव्हतें.

पुढें १९८७ सालीं मोठा दुष्काळ पडला, तो आपल्याकडील वृद्ध मंडळींसही आठवत असेल. दूधातोलीच्या उतारांवर लावलेलीं रोपें वाळूं लागलीं. तेव्हां असा विचार निघाला कीं, प्रत्येक रोपाजवळ एक लहानसा खड्डा केला तर पावसाचें थोडें पाणी तेथें थांबेल. खड्डे केले, रोपें अधिक जगलीं. मग याच धाग्यावरून एक जुनी गोष्ट वर आली. उफरैंखाल या नांवांतच 'खाल' हा शब्द आहे. गढवालांत खाल-शेवटाचीं गांवें पुष्कळ, व चाल असा दुसरा शब्दही भाषेंत होता. डोंगराच्या उतारावर पाणी धरणारा लहान खळगा ती चाल; खिंडींतल्या सपाटीवर पाणी सांठविणारें मोठें तळें ती खाल. शब्द राहिला होता, वस्तु गेली होती. आपल्याकडे तळेगांवें किती आहेत व त्यांतल्या कितींत तळें उरलें आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या तालुक्यापुरतें मोजून पाहावें.

भारती व त्यांच्या सोबत्यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत चाली खणण्यास सुरुवात केली. त्यांचें माप ठरलेलें नव्हतें. उतार जेथें थोडा सैल होतो, पाणी जेथून वाहतें, तेथें जागा असेल तेवढा खळगा. कोठें दोन हात, कोठें आंगणाएवढा. एका मोठ्या बांधाऐवजीं शेंकडों लहान खळगे, एकाखालीं एक. निघालेली माती खालच्या कडेस घालून तिच्यावर दूर्वा लावावयाची, म्हणजे ती वाहून जात नाहीं. आजूबाजूस बांज, बुरांस, उतीस अशीं झाडें. उतीस हें झाड मुळ्यांवरील गांठींच्या योगानें हवेंतील नत्र जमिनींत आणतें. आपल्याकडे तूर-हरभऱ्याच्या मुळांस गांठी येतात त्याच जातीचा हा प्रकार, मात्र गांठींतले जंतू निराळे.

गाडखर्क गांवाजवळच्या एका उतारावर हें काम प्रथम दाट झालें. त्या उतारावरून एक ओढा उतरे, त्याचें नांव सुखारौला, म्हणजे कोरडा नाला. पावसाळ्यांत तो गर्जत येई व चार दिवसांत खडखडीत होई. चाली भरूं लागल्यावर त्याचें धांवणें मंदावलें, दरवर्षीं पाणी थोडें अधिक काळ टिकूं लागलें, व पुढें तो बारमाही झाला. लोकांनीं त्याचें नांव बदलून गाडगंगा ठेविलें. नकाशावरचें नांव बदलण्यास सरकारास वर्षें लागतात. येथें पाण्यानें तें बदलविलें.

यांत चमत्कार नाहीं, व आपल्यापैकीं जे 'देवाचें देणें' म्हणून सोडून देतील त्यांच्यासाठीं हें थोडें फोड करून सांगतों. उघड्या उतारावर पडलेल्या सरीचें बहुतेक पाणी घटका दोन घटकांत नाल्यास मिळतें. मुरण्यासाठीं पाण्यास वेळ लागतो, आणि उतार त्यास वेळ देत नाहीं. खळगा एवढेंच करतो कीं, त्यास वेळ देतो. समजा, पांच फूट लांब, तीन फूट रुंद व दोन फूट खोल असा एक खळगा आहे. त्यांत ३० घनफूट, म्हणजे सुमारें ८५० लिटर पाणी राहतें. तो एका पावसाळ्यांत वीस वेळां भरून मुरला, तर १७,००० लिटर होतात. असे शंभर खळगे म्हणजे १७ लाख लिटर. यांतून कांहीं उन्हानें उडेल, कांहीं झाडें पितील. तरीही उरेल तें जमिनीच्या आंतून उतरत उतरत महिन्यांनीं झऱ्यास मिळेल. वरून धांवणारें पाणी तासांत जातें व आंतून जाणारें पाणी महिन्यांत, हाच काय तो भेद. शिवाय शंभर लहान खळग्यांतला एखादा फुटला तर पुढचा त्याचें पाणी धरतो. एकच मोठा बांध फुटला तर खालचें शेत जातें.

चालींचा दुसरा एक लाभ आधीं कोणाच्या ध्यानींमनीं नव्हता. उन्हाळ्यांत गढवालच्या डोंगरांत वणवे लागतात. १९९० ते २००० या दशकांत त्यांतले कांहीं फार भयंकर झाले. ज्या उतारांवर चाली दाट होत्या व बांजाचें रान परतूं लागलें होतें, तेथें जमीन ओली, गवत हिरवें. आग तेथवर आली तरी तिचा जोर मोडे, व बायकांस झोडपून ती विझवितां येई. आपल्याकडे वणवा म्हणजे बहुधा माणसानें लावलेला. 'जाळलें म्हणजे गवत चांगलें येतें' हा समज अजून सुटलेला नाहीं. पहिल्या वर्षीं राखेच्या खतानें तसें दिसतेंही, परंतु पालापाचोळ्याचा थर गेला म्हणजे मातीची पाणी धरण्याची शक्ति जाते, हें हिशेबांत कोणी धरीत नाहीं.

मिश्र यांनीं आणखी एक प्रसंग लिहिला आहे. जागतिक बँकेच्या पैशांवर चालणारी एक मोठी योजना त्या डोंगरांत येणार होती. भारतींनीं कळविलें कीं, आमच्या येथें रान आधींच उभें आहे, तें लोकांनीं आपल्या हातानें केलें आहे, तेव्हां हा पैसा येथें नको. अधिकारी पाहण्यास आले, रान पाहिलें, व ती योजना त्या भागांत आली नाहीं. पैसा नाकारणें सर्वांनीं अनुकरावें असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही स्वतः कधीं अनुदान नाकारल्याचें आठवत नाहीं. पण पैसा आला कीं रोजगार मागणारे येतात, रोजगार संपला कीं निघून जातात, व खळग्यांतला गाळ काढण्यास कोणी उरत नाहीं, हेंही आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. उफरैंखालीं गाळ काढणारे तेच, ज्यांच्या ओढ्यास पाणी हवें होतें. काम पुढें शंभराहून अधिक गांवांत पसरलें. २०२१ च्या जूनमध्यें पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या भाषणांत भारतींचा उल्लेख केला, तेव्हां अशा लहान तळ्यांची संख्या ३०,००० हून अधिक असल्याचें सांगितलें.

आतां कागदाच्या बाजूकडे वळूं. गढवाल-कुमाऊंत एक व्यवस्था आहे, तिची आपल्याकडे जोड नाहीं. इंग्रज सरकारनें १९११ ते १९१७ च्या दरम्यान तिकडचीं बरींच रानें राखीव केलीं. लोक खवळले, १९२१ सालीं रानें पेटलीं, तेव्हां चौकशी समिति बसली, व १९३१ सालीं वनपंचायतींचे नियम झाले. गांवाजवळचें रान गांवाच्या निवडलेल्या पंचांच्या हातीं, व त्यांच्यावर देखरेख वनखात्याइतकीच महसूल खात्याची, अशी ती रचना. उत्तराखंडांत आज सुमारें १२,००० वनपंचायती आहेत. सगळ्या जाग्या आहेत असें नव्हे. परंतु रान हें 'आपलें' म्हणण्यास कागदाचा कांहीं आधार तिकडे आहे.

आपल्याकडे गायरान आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २२ अन्वयें अशी जमीन विशिष्ट उपयोगासाठीं राखून ठेविली जाते. ती सरकारची, ग्रामपंचायतीकडे असते ती केवळ व्यवस्था. म्हणून 'गायरान देऊन टाकूं' असें म्हणणाऱ्या पक्षास आम्ही प्रथम हें सांगतों कीं, जें आपलें नाहीं तें आपणांस देतां येत नाहीं. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पंजाबमधील एका गांवतळ्याच्या प्रकरणांत सर्व राज्यांस सांगितलें कीं, गांवच्या सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणें काढावीं व त्यासाठीं योजना कराव्या. अतिक्रमण जुनें आहे किंवा त्यावर पुष्कळ खर्च झाला आहे, एवढ्यावरून तें कायम होत नाहीं. राखूं म्हणणाऱ्या पक्षानें तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहावा, गांव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही पाहावी, व एक-अ म्हणजे वनजमिनीची वहीही पाहावी. पुष्कळदां लोक ज्यास गायरान समजतात त्याचा अर्धा भाग वनखात्याचा निघतो. तेथें त्या खात्याच्या परवानगीशिवाय कुदळ मारूं नये. हद्द कायम करून घेतल्यावांचून एकही खळगा खणूं नये. प्रथम हद्द, मग ग्रामसभेचा ठराव, मग कुदळ.

एवढें ठामपणें सांगण्यास आम्हांस एक कारण आहे, व तें लिहितांना संकोच वाटतो. नोकरींत असतां एका गांवाहून, त्याचें नांव देत नाहीं, तेथील प्राथमिक शाळेच्या मास्तरांचा अर्ज आला होता. गांवच्या वर दोन-अडीच एकरांची देवराई होती. अंजन, हिरडा, जांभूळ, आणि एक फार जुना करंज. मास्तरांनीं लिहिलें होतें कीं, गांवांतील कांहीं मंडळी देवळाच्या सभामंडपासाठीं झाडें विकण्याच्या विचारांत आहेत, देवराईखालचा पाणवठा तिच्यावरच आहे, तरी कृपा करून कोणीं तरी येऊन पाहावें. अक्षर सुरेख होतें. आम्ही अर्जास आवक क्रमांक दिला, संबंधित टेबलाकडे धाडला; तो तेथून 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' दुसरीकडे गेला, व चार महिन्यांनीं 'हा विषय या कार्यालयाशीं संबंधित नाहीं' असा शेरा घेऊन परत आमच्याच टेबलावर आला. तसें उत्तर मास्तरांस आमच्याच हस्ताक्षरांत गेलें. मध्यंतरीं झाडें गेलीं. सभामंडप झाला, त्यावर पत्रा आहे. दोन उन्हाळ्यांनंतर त्या गांवच्या टँकरच्या मागणीचा कागद आला, त्यासही आम्हींच आवक क्रमांक दिला. मास्तरांची तोंवर बदली झाली होती. आमचा नियम कोठें चुकला असें नाहीं. त्या मास्तरांच्या भोंवतीं मात्र शंभर गांवें नव्हतीं, खांकर घेऊन फिरणाऱ्या बायका नव्हत्या. एक अर्ज होता, व तो आमच्यासारख्याच्या हातीं पडला.

आमच्या सभासदांच्या गायरानापुरतें आतां जें सांगावयाचें तें असें. हिमालयाची माती व आपला काळा खडक एक नव्हेत. आपल्याकडे वर थोडी माती, तिच्याखालीं मुरूम, व त्याखालीं अखंड कातळ असतो. पाणी मुरमांतून उतरतें, कातळावर अडतें, व जेथें तो कातळ उतारावर उघडा पडतो तेथें झरा होऊन बाहेर येतें. म्हणून खळगे झऱ्यापाशीं नव्हे, तर त्याच्या बऱ्याच वर, माती व मुरूम जाड असेल तेथें हवेत. नुसत्या कातळावर खळगा खणणें म्हणजे उन्हास पाणी पाजणें. फार उभ्या उतारावर, किंवा जेथें माती सरकल्याच्या खुणा आहेत तेथें, खणूं नये. अति पाणी मुरून दरड येण्याचा संभव असतो. प्रत्येक खळग्यास जादा पाणी जाण्यासाठीं बाजूस दगडाची लहान वाट ठेवावी. समपातळीवरचे सलग चर जेथें आधींच झाले आहेत, तेथें ते पुष्कळदां गाळानें भरलेले असतात. नवे खणण्याआधीं ते उपसावे. आणि शेततळें व हा खळगा यांत घोटाळा करूं नये. प्लास्टिकचें अस्तर घातलेलें शेततळें पिकास उपयोगीं पडतें यांत शंका नाहीं, पण तें विहिरीचें पाणी वर चढवून भरलें तर जमिनीस त्यापासून थेंबही मिळत नाहीं. उलट जमिनींतलें पाणी उन्हांत आणून ठेविल्यासारखें होतें.

चराईचा प्रश्न सर्वांत अवघड. सबंध गायरान एकदम बंद केलें तर ज्यांच्याकडे दोन शेळ्यांवांचून कांहीं नाहीं त्यांच्यावर अन्याय होतो, व रात्रीं कुंपण तुटतें. आमच्या मतें तिसरा हिस्सा बंद ठेवावा, त्यांतील गवत कापून नेण्यास मोकळीक असावी, व तीन वर्षांनीं दुसरा हिस्सा बंद करावा. पहिली कापणी शेळीवाल्यांस द्यावी, बागाईतदारांस नव्हे. हें ऐकून पारावरच्या दोघांनीं तोंडें वांकडीं केलीं. तीं त्यांचीं त्यांस लखलाभ होवोत.

झाडें लावावयाचीं तीं करंज, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशीं त्याच डोंगरांतल्या बियांचीं. अक्रोड आपल्याकडे होणार नाहीं, पण आंबा व फणस आहेत. मुलांनीं आणलेल्या कोयींची रोपवाटिका कोणत्याही शाळेच्या परसांत होते. भारतींच्या कामाची सुरुवात अशीच झाली.

एक गोष्ट आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांस लगेच करावयास सांगितली होती, व त्यांनीं ती केली. झरा वाढला कीं घटला हें 'पूर्वीं फार होतें' अशा बोलण्यावरून कळत नाहीं. पंधरा लिटरचा तेलाचा डबा झऱ्याखालीं धरावा व तो किती वेळांत भरतो हें घड्याळावर पाहून तिथीसह वहींत लिहावें. दर पंधरा दिवसांनीं, त्याच डब्यानें, त्याच जागीं. त्यांच्या नातीनें हें काम पत्करलें आहे. तिच्या वहींतली पहिली नोंद श्रावण शुद्ध पंचमीची आहे: डबा भरण्यास एक मिनिट दहा सेकंद. होळीची नोंद आली म्हणजे ती याच मासिकांत देऊं.